बासष्ट पानं

ते पुस्तक मी बासष्टाव्या पानावर सोडलं होतं. लिहिताना मात्र सगळं वाचल्यासारखं लिहिलं. ही गोष्ट मी सात महिने कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

मी भाविका. अलिबागच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. फेसबुकवर 'पानोपानी' नावाचं माझं एक पान आहे. तिथं मी पुस्तकांबद्दल लिहिते आणि अकरा हजार लोक ते वाचतात, निदान त्यांनी तसं बटण तरी दाबलेलं आहे. लेखक घरी पुस्तकं पाठवतात, आत चिठ्ठी असते, 'आपल्या अभिप्रायाची वाट पाहतो आहे.' सुरुवातीला अशी चिठ्ठी आली की दिवसभर बरं वाटायचं. पुढं पुढं वाटायला लागलं की यात काय नवल, पाठवणारच.

जूनमध्ये 'चौदाव्या मजल्यावर मीठ' ही कादंबरी आली. मृणाल मांडवकर हे नाव मी ऐकलेलं नव्हतं. मागच्या पानावर तीनच ओळी होत्या: मूळ गाव तळा, उलव्यातल्या एका गृहसंकुलाच्या ऑफिसात नोकरी, ही पहिलीच कादंबरी.

गोष्ट उलव्याचीच. मिठागरं बुजवून तिथं टॉवर उभे राहिलेत. रुचिता नावाची एक मुलगी लिफ्ट दुरुस्त करते. एका इमारतीची लिफ्ट रोज भर दुपारी चौदाव्या मजल्यावर आपोआप थांबते, दार उघडतं, आणि बाहेर फ्लॅट नसतात, पाणी असतं. घोटाभर खोल, वर मिठाची साय धरलेलं. हळूहळू लोकांच्या घरातल्या भिंतींना मीठ फुटायला लागतं. खाली गाडलेल्या मिठागराची मालकीण जिन्याजिन्यानं वर आलेली असते आणि तिला राहणाऱ्यांची नावं हवी असतात. आपल्याकडची भुतं विहिरीवर नाहीतर पिंपळावर. सोसायटीच्या पंपरूममध्ये त्यांना आजवर कुणी जागा दिलेली नव्हती.

पहिलं प्रकरण चांगलं होतं. इतकं चांगलं की मला राग आला.

त्याचं कारण सांगायला हवं. माझ्या कपाटात एक वही आहे. तिच्यावर 'मिठागर' असं लिहिलेलं आहे आणि आत दोन परिच्छेद आहेत. आठ वर्षांत त्याचा तिसरा झाला नाही. वडखळच्या पुढं, धरमतर खाडीच्या कडेला आमचं गाव. आजोबा, आजी, गोदूआत्या, सगळे मिठागरात राबलेले. पप्पांना एसटीत कारकुनाची नोकरी लागली आणि ते अलिबागला आले. आमच्या घरात 'न्हाय' म्हणायची बंदी होती. 'नाही' म्हण, नीट म्हण, असं पप्पा जेवताना सांगायचे. मी नीट म्हणायला शिकले, मराठीत पहिली आले, मराठीच शिकवायला लागले. मिठागर मी पाहिलं ते गावी जाताना एसटीच्या खिडकीतून. पांढऱ्या राशी दिसायच्या आणि मागं जायच्या. तरी कधीतरी आपण यावर मोठं काहीतरी लिहिणार, हे मी मनात धरून होते. ते माझं होतं. आणि डोंगरापलीकडच्या तळा गावची कुणी मुलगी ते लिहून मोकळी झाली होती.

अठ्ठावन्नाव्या पानावर रुचिताची आजी तिला सांगते, "मिठागरात माझं नाव वेगळं होतं. तिथं मी दुपार होते." मी चार परदेशी कादंबऱ्या वाचलेल्या. खरं नाव लपवायचं, ज्याला ते कळलं त्याच्या हाती आपण सापडलो, ही कल्पना त्यात ढिगानं असते. मी हसले. पेन्सिलनं बाजूला लिहिलं, 'उचललेलं'. बासष्टाव्या पानावर पेन्सिल ठेवून पुस्तक मिटलं ते मिटलंच.

त्या रविवारी दुपारी मी लिहायला बसले. एक वाक्य मी तीनदा घासूनपुसून घेतलं: 'डोंगरापलीकडच्या भातशेतीत वाढलेल्या माणसानं खाडीवर लिहू नये असं नाही, पण त्याआधी एकदा तरी आपले पाय खारे करावेत.' पुढं लिहिलं: 'मी मिठागरवाल्यांची लेक आहे. आमच्यात नावं लपवण्याची असली रीत कधीच नव्हती. बाहेरच्या पुस्तकांतली कल्पना उचलून ती आमच्या आज्यांच्या तोंडी कोंबली आहे.'

माझे पाय कधी खारे झाले होते? किहीमच्या किनाऱ्यावर, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, फोटोसाठी.

ते लिखाण खूप फिरलं. 'पाय खारे करावेत' हे वाक्य लोकांनी चित्रावर छापून एकमेकांना पाठवलं. आमच्या समाजातल्या ओळखीच्या-बिनओळखीच्या लोकांनी माझं कौतुक केलं. त्यांतले पुष्कळ जण मग मृणालच्या पानावर गेले आणि तिथं नको नको ते लिहून आले. मी ते पाहत होते. आपण तर कुणाला तिकडं पाठवलेलं नाही, असं स्वतःला सांगत होते. चौथ्या दिवशी माझ्या लिखाणाखाली तिची एक ओळ आली. 'मनापासून आभार. चुका झाल्या असतील. तुम्ही तिथल्या आहात, तुम्हाला जास्त माहीत.' मी तिच्यावर लाल बदामाचं चिन्ह टाकलं आणि वर्गावर गेले.

पुढचं सगळं घडलं ते डिसेंबरात. गोदूआत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अलिबागला झालं म्हणून ती तीन आठवडे आमच्याकडं होती. माझा नवरा अल्पेश, त्याचे ट्रेलर न्हाव्याच्या बंदरावर चालतात. त्याच सुमारास ट्रेलरच्या पायरीवरून घसरून त्याचा घोटा मोडला. मी कॉलेजात जायचे तेव्हा घरात दोनच माणसं असायची, एक काळा चष्मा लावलेलं आणि एक पायाला प्लास्टर घातलेलं. आत्याला टीव्ही बघायला डॉक्टरांनी मनाई केली होती.

एका दुपारी लवकर सुटून घरी आले तर दारातच अल्पेशचा आवाज ऐकू आला. तो मोठ्यानं वाचत होता, शाळेतल्या मुलासारखं, एकेका शब्दावर थांबत. माझ्या टेबलावरच्या ढिगातलं पुस्तक त्यानं उचललं होतं. जाड अक्षरात 'मीठ' लिहिलेलं बघून उचललं, असं तो नंतर म्हणाला. लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्याला पुस्तक हातात घेतलेलं पाहिलं नव्हतं.

मी चपला काढत होते तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांब जरा. परत वाच ता."

अल्पेशनं परत वाचलं. पाणी नाव धरून ठेवतं, म्हणून बायका बांधावर एकमेकींना घरच्या नावानं हाक मारत नसत, असं काहीसं ते होतं.

"व्हय," आत्या म्हणाली. "बरोबर लिवलंय. आमी पन न्हाय घेवाचो."

मी आत आले. "काय नाही घ्यायचात, आत्या?"

"घरचा नाव. बांधावर घरचा नाव घेवाचा न्हाय. परत्येकीचा येगला नाव असं. मना तिसरी बोलाचे. माज्या पुढं दोगी चालाच्या ना, म्हून. एक बगली व्हती, चिखल तुडवून दमली का एका पायावर उभी ऱ्हायाची. एक पितली व्हती, रंगानं गोरी." ती हसली. "बगलीचा खरा नाव मना तिच्या मयताला समजला."

माझ्या हातातली पिशवी मी कुठं ठेवली ते आठवत नाही. "आणि हे कशासाठी?"

"पानी ऐकतंय म्हून. उधानाला बांध फुटला का पानी नाव घेऊन बोलावतंय, आसा आमची आय सांगं. खरा खोटा देवाला म्हाईत. पन कोनी मोडला न्हाय."

"तू मला हे कधी सांगितलं नाहीस."

आत्यानं काळा चष्मा नाकावर नीट बसवला. तिच्या बोलण्यात काही तक्रार नव्हती. ती आपली आठवून सांगत होती.

"एकदा सांगाया लागले व्हते. तुज्या पूजेला, लगीन झाल्यावर. तुजे कालेजची मानसा बसली व्हती, त्यांना मिठागराचा सांगत व्हते. तू मना आत न्हेलंस. बोल्लीस, आत्या तू दमली असशील, जरा पड. मंग मी पडले."

मला ते आठवत होतं. ती दमलेली नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं. आमच्या प्राचार्यांच्या बायकोसमोर ती 'व्हता', 'नव्हता' करत हातवारे करून सांगत होती आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"ही पोरगी कोनाची?" आत्यानं अल्पेशला विचारलं. "पुस्तकवाली. तिला कोनी सांगला हे? मना तिला भेटाचंय."

"बघतो," अल्पेश म्हणाला आणि मोबाइल काढला.

मी स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला. दूध उतू जाईपर्यंत तिथंच उभी होते. त्यानं लेखिकेचं नाव टाकलं की पहिल्यांदा काय येणार, हे मला ठाऊक होतं. मग आत्या म्हणाली, "काय झाला, वाच ना," आणि अल्पेश पुढचं पान वाचायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघताना अल्पेश कुबडीवर रेलून, आत्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "तू लिहिलंयस, मी मिठागरवाल्यांची लेक."

"हो."

"पप्पा एसटीत होते ना?"

मी चपला घालायला वाकले.

"आत्याला सांगू नकोस," तो म्हणाला. "तिला ते पुस्तक आवडतंय."

त्या आठवड्यात मी कादंबरी बासष्टाव्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. सगळीच चांगली आहे असं मी म्हणणार नाही. शेवटी शेवटी फार पळापळ आहे, बिल्डरचं पात्र नुसतं ओरडतं. पण नववं प्रकरण, जिथं आजी नातीला मिठागरातल्या बायकांची दुसरी नावं एकेक करून सांगते आणि ती चौदाव्या मजल्यावरच्या पाण्यातून एकेक होऊन वर येतात, ते वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले. माझ्या वहीतले दोन परिच्छेद त्याच्या पासंगाला पुरणारे नव्हते. अगदी पहिल्या पानावर अर्पणपत्रिका होती, तीही मी तेव्हा न बघता उलटली होती: 'तुळशीमावशींना, ज्यांनी मला बांधावरून चालवलं.'

मृणालला लिहायला मी पाचसहा वेळा बसले. 'काही गोष्टी नव्यानं लक्षात आल्या' अशी सुरुवात करायची आणि खोडायची. मग जानेवारीत विनेशचा फोन आला. किहीमला त्याची नारळी-पोफळीची वाडी आहे, चार खोल्या तो पर्यटकांना देतो आणि महिन्यातून एकदा तिथंच वाचकांना जमवतो.

"मॅडम, 'चौदाव्या मजल्या'ची दुसरी आवृत्ती आलीय. मृणाल येतेय. तिच्याशी तुम्ही बोलाल का? तुमच्या लेखानं एवढं वादळ झालं, लोक येतील."

मी हो म्हणाले. तिथं जाऊन तिची माफी मागायची, हे ठरवूनच म्हणाले. आत्याला कळलं तेव्हा ती माघारी गावी गेलेली होती. 'पुस्तकवाली येतेय' एवढं ऐकून ती रिक्षा करून आदल्या दिवशी हजर झाली. तिला नको कसं म्हणणार? काय सांगून नको म्हणणार?

किहीमला आम्ही साडेचारला पोचलो. अल्पेशचं प्लास्टर निघालं होतं, गाडी त्यानंच चालवली. माडांखाली चाळीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. आत्या पहिल्या रांगेत जाऊन बसली, नवं लुगडं, काळा चष्मा. एका टेबलावर दुसरी आवृत्ती रचून ठेवलेली होती. मी एक प्रत उचलली आणि नववं प्रकरण उघडायला गेले. नवव्या प्रकरणात पोलीस चौकशीला येतात. मी पुढं बघितलं, मागं बघितलं. अठ्ठावन्नाव्या पानावर आजी नुसती भाकरी भाजत होती. अर्पणपत्रिकेच्या जागी काही नव्हतं, कोरं पान होतं.

"भाविका मॅडम?"

मृणाल तिशीच्या आतबाहेरची, ठेंगणी, खांद्याला ऑफिसची बॅग. तिनं वाकून नमस्कार करायला घेतला तेव्हा मी तिचा हात धरला.

"नाव्हं, नववं प्रकरण," माझी जीभ अडखळली, "ते कुठं गेलं?"

"काढलं." तिनं ते सहज सांगितलं. "तुम्ही लिहिलंत ना, तशी रीत नव्हती म्हणून. प्रकाशक म्हणाले असू दे, कादंबरीच आहे. पण मला ते बरं वाटेना. आपण तिथले नाही, निदान खोटं तरी सांगू नये."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं ते?"

"तुळशीमावशी. आमच्या संकुलात जिने झाडायच्या. आता जिथं बी विंग आहे तिथंच त्यांचं मिठागर होतं म्हणे. दुपारी डबा खायला ऑफिसात बसायच्या तेव्हा सांगायच्या. दुपार हे त्यांचंच नाव. पुस्तक यायच्या आधी दोन महिने त्या गेल्या. तुमचा लेख आला तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. मला वाटलं, मी रोज विचारते म्हणून मावशी रचून सांगत असतील. थोडा रागही आला त्यांचा. मग अर्पणपत्रिकासुद्धा काढली."

माझ्या मागं विनेश माइक तपासत होता. 'हॅलो, हॅलो' असं माडांतून घुमत होतं.

"मृणाल, मावशी खरं सांगत होत्या," मी म्हणाले. "माझी आत्या मिठागरातली आहे. तिचंही नाव होतं. तिसरी."

"पण तुम्ही तर लिहिलं होतं..."

"मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. आणि मी तुमचं पुस्तक बासष्ट पानं वाचलं होतं."

तिनं बॅगेचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"नववं प्रकरण एकशे अठ्ठेचाळीसवर होतं," ती म्हणाली, आणि विनेशनं आम्हाला बोलावलं.

समोर चाळीस माणसं होती. विनेशनं माझी ओळख करून दिली, 'खाऱ्या पायांच्या परखड वाचक' असं काहीतरी म्हणाला, लोक हसले. मी माइक घेतला. आणि इतकं होऊनही मी पहिल्यांदा काय म्हणाले, तर, "माझ्याकडून त्या लेखात थोडी घाई झाली असावी." मृणाल पायांकडं बघत बसली होती. घाई झाली असावी. वर्गात मुलं उत्तरपत्रिका कोरी देऊन असंच काही सांगतात.

मी परत सुरुवात केली. या वेळी सगळं सांगितलं. पुस्तक किती वाचलं होतं ते, मिठागरात कधी पाऊल ठेवलेलं नाही ते, नावांची रीत खरी आहे आणि मी ती खोटी ठरवली ते. माझ्या एका वाक्यामुळं या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण निघून गेलं, तेही सांगितलं. माझ्या कपाटातल्या वहीचंही सांगितलं, ते कुणी विचारलेलं नसताना. बोलताना मी मृणालकडं बघायचा प्रयत्न करत होते, पण मला दिसत होती ती पहिल्या रांगेतली आत्या. काळ्या चष्म्यामुळं तिचे डोळे दिसत नव्हते. ती मान थोडी तिरपी करून ऐकत होती. या पुस्तकावर मी टीका केली होती, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. मागं कुणीतरी खुर्ची सरकवली. माझ्या कॉलेजातले दोन जण होते, त्यांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. विनेश गडबडीनं म्हणाला, "बरं, आता आपण लेखिकेशी बोलूया," आणि माइक माझ्या हातातून घेऊन स्वतःच प्रश्न विचारायला लागला. मी उरलेला तासभर मंचावरच्या खुर्चीत बसून होते. उठून जायचीही सोय नव्हती.

संपल्यावर आत्या कुणाची वाट न बघता उठली आणि मृणालपाशी गेली. तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुजी तुलशी कुठली गं? कोनत्या अंगाची?"

"उलव्याच्या बाजूची, आजी."

"म्हंजे उरनच्या अंगाची. आमी धरमतरच्या. म्हून वलख न्हाय. पन नाव ठेवाची रीत तीच बघ." आत्यानं तिला खुर्चीत बसवलं, आपण समोर बसली. "तुज्या तुलशीनं खोटा न्हाय सांगला. बस, मी सांगते अजून."

मृणालनं आधी रडून घेतलं. मग बॅगेतून वही काढली. मी जवळ गेले तेव्हा आत्या माझ्याकडं वळून म्हणाली, "भाविका, दोन चा सांग आमाला." तोंडावर राग नव्हता. कार्याच्या घरात कुणाला काही काम सांगतात तसं तिनं ते सांगितलं. मी चहा सांगायला गेले.

परतताना गाडीत आत्या मागं बसली होती. चोंढी गेल्यावर ती म्हणाली, "त्या लिवन्यात तू माजा नाव टाकलंस?"

"नाही, आत्या. मिठागरवाल्यांची लेक, एवढंच लिहिलं होतं."

"मंग बरा झाला," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मी रडले नाही. रडले असते तर आत्यानं माझी समजूत काढली असती, आणि ती तिच्याकडून काढून घ्यायचा मला हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी 'पानोपानी'वर सगळं लिहून टाकलं. ते नव्वदेक लोकांनी वाचलं असेल. काहींनी 'तुमचा मोठेपणा' असं लिहिलं. ते वाचून मला जास्तच लाज वाटली. 'पाय खारे करावेत' अजूनही फिरतं आहे, मागच्या महिन्यात ते मलाच कुणीतरी पाठवलं. मी नवीन पुस्तकांवर लिहिणं थांबवलंय. कुणी पुस्तक पाठवलं तर वाचते, पूर्ण वाचते, आणि लेखकाला दोन ओळींचं पत्र टाकते. प्रकाशक म्हणतात, ही आवृत्ती संपली तर तिसऱ्या वेळी ते प्रकरण परत घालू. कधी संपेल ते त्यांनाही माहीत नाही.

मृणाल आता दर दोन आठवड्यांनी रविवारी येते. आत्या त्यासाठी गावाहून आमच्याकडं येते, कारण मृणालला उलव्याहून अलिबागला येणं सोपं पडतं. दोघी बाहेरच्या खोलीत बसतात. बांध कसा बांधायचा, तळ पायांनी तुडवून कसा घट्ट करायचा, पाणी कधी घ्यायचं, आत्या सांगते आणि मृणाल लिहिते. अल्पेश घरी असला तर तोही बसतो आणि मधेच प्रश्न विचारतो. मला कुणी बसू नको म्हटलेलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून मासळी साफ करत ऐकते. बावीस बायकांची नावं आत्तापर्यंत झाली आहेत. एक प्रश्न मला तिथूनच विचारावासा वाटला होता, पहिल्या दिवशी बांधावर गेली तेव्हा आत्या किती वर्षांची होती. मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला मृणालनं तेच विचारलं आणि आत्यानं सांगितलं, नऊ.

मृणाल माझ्याशी नीट वागते. आल्यावर नमस्कार करते, जाताना येते म्हणते. त्यापलीकडं आमच्यात बोलणं नसतं. गेल्या रविवारी मी कप ठेवायला गेले तेव्हा तिनं वहीतून मान वर केली.

"मॅडम, माझ्या चहात साखर जरा कमी टाकाल का?"

तो कप मी परत आत नेला आणि तिच्यासाठी वेगळा चहा केला.